नऊ दिवस कशाला लागले? एक स्टार देणाऱ्या साहेबांना दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

आपल्याला आणि काकांना जो मनस्ताप झाला त्याबद्दल आधी दिलगिरी व्यक्त करतो. चतुर्थीला चार दिवस गावी आलेल्या माणसाला सीपीयूच्या मागे फेऱ्या घालायला लागल्या तर राग येणारच. उत्तर देत बसू नकोस, असं घरून मला सांगितलं होतं. पण देवगड-जामसंड्यातलं गिऱ्हाईकसुद्धा आता दुकानाची पायरी चढायच्या आधी मोबाईलवर स्टार बघतं, आणि आपला अभिप्राय सगळ्यात वर दिसतो. म्हणून लिहितोय.

आपलं म्हणणं थोडक्यात असं: काकांच्या बिघडलेल्या कॉम्प्युटरच्या डिस्कवरून फाईली कॉपी-पेस्ट करायला नऊ दिवस लावले, मुंबईत हेच दोन तासांत झालं असतं. नेटवर फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरून साडेतीन हजार घेतले. चतुर्थीला दुकान बंद. काही फोटो अर्धवट. आणि वर कॉम्प्युटर चालू झालेलाच नाही.

बाकीचं पुढे बोलतो. आधी दोन तासांचं, कारण ते जिव्हारी लागलं.

काकांची हार्ड डिस्क एक टीबीची. ती अगदी ठणठणीत असती आणि सेकंदाला शंभर एमबीने वाचली गेली असती, तरी पूर्ण उतरवून घ्यायला पावणेतीन तास लागले असते. मुंबईतही तेवढेच. आणि ही डिस्क ठणठणीत नव्हती. बटण दाबलं की काळ्या स्क्रीनवर 'रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस', म्हणजे सुरू व्हायला मशीनला डिस्कच सापडत नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर, डिस्क एकदा दिसायची, पुढच्या वेळी गायब. कानाजवळ धरली की टक्, मग जरा थांबून परत टक्. आपण काउंटरवर होतात तेव्हा मी आपल्यालाही तो आवाज ऐकवला होता. आपण म्हणालात, "फॅनचा असेल." साहेब, तेव्हा डिस्क सीपीयूच्या बाहेर टेबलावर होती.

अशी डिस्क विंडोजला जोडून कॉपी-पेस्ट केलं की वाचता न येणारी जागा आली रे आली, विंडोज तिथेच अडून बसते. हिरवी पट्टी हलत नाही, डिस्क त्याच जागेवर पुन्हा पुन्हा घासत राहते, आणि मग ती दिसायचीच बंद होते. दोन तासांत काम करायचा रस्ता तो होता. मी तो घेतला असता तर आपल्याला डिस्क त्याच दिवशी परत मिळाली असती, रिकाम्या हाताने.

आम्ही मशीन विंडोजऐवजी लिनक्स या दुसऱ्या सिस्टीमच्या पेनड्राईव्हवरून सुरू केलं, म्हणजे काकांच्या डिस्कवर काही लिहिलं जाणार नाही. मग डीडीरेस्क्यू लावलं, खराब डिस्कची कॉपी काढायचं सॉफ्टवेअर. ते आधी सहज वाचलं जाणारं सगळं उचलतं, जिथे अडेल तो भाग सोडून पुढे जातं, काय घेतलं आणि काय राहिलं याची नोंद एका फाईलमध्ये ठेवतं, आणि शेवटी राहिलेल्या तुकड्यांकडे परत वळतं. पहिला मोठा भाग दीड दिवसात आला. उरलेल्याचा वेग सेकंदाला पन्नास केबी, मध्येमध्ये शून्य. पन्नास केबीने एक जीबी यायला साडेपाच तास लागतात, आपण मोबाईलवर हिशोब करून बघा. डिस्क तापली की बंद करायची, निवली की परत लावायची. दुकानातला एकुलता एक टेबल फॅन तेवढे दिवस तिच्याकडे तोंड करून होता आणि आम्ही घामाच्या धारांत. पावसात लाईट जाते ती वेगळीच. इन्व्हर्टर आहे, पण एका रात्री तोही उतरला. ती नोंदीची फाईल होती म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नाही.

आता आपण जे लिहिलं नाहीत ते. डिस्क माझ्याकडे यायच्या आधी आपल्या भाच्याने यूट्यूबवर बघून विंडोजच्या पेनड्राईव्हवरून रात्रभर चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं टूल, चालवली होती. हे त्यानेच मला सांगितलं, पोरगा प्रामाणिक आहे. त्याच्यावर राग नाही, आजोबांच्या काळजीपोटीच केलं त्याने. पण चेकडिस्क दुरुस्तीच्या नावाखाली डिस्कवर लिहिते, आणि मरायला टेकलेल्या डिस्कला रात्रभर राबवायचं नसतं. त्याने किती नुकसान झालं ते कोणीच सांगू शकणार नाही, मीही सांगत नाही. फक्त आमच्याकडे आली तेव्हा डिस्क कोणत्या अवस्थेत होती, ते लोकांना कळावं.

आणि नऊ दिवसांचा हिशोब. शनिवारी संध्याकाळी मी आपल्याला व्हॉट्सअ‍ॅप केला: "काम झालं, एक्स्टर्नल डिस्क पाठवा." दोन निळ्या खुणा त्याच मिनिटाला आल्या. डेटा होता १६० जीबीच्या आसपास, आणि आपण दिलेला पेनड्राईव्ह ६४ जीबीचा. "त्यातच बसव कसा तरी," असं आपलं उत्तर. एक्स्टर्नल डिस्क कणकवलीहून मंगळवारी दुपारी आली. बुधवारी सकाळी सगळं आपल्या हातात होतं. शनिवार ते मंगळवार हे दिवसही आपण माझ्याच खात्यावर मांडलेत, ते मात्र बरोबर नाही.

चतुर्थीला दुकान बंद होतं हे खरं. त्या दिवशी देवगडात कोणाचं उघडं होतं? आमचाही दीड दिवसाचा गणपती असतो. पण मशीन बंद नव्हतं. ते घरी नेऊन पडवीत लावलं, आरतीला आलेल्या पोरांचा पाय वायरला लागू नये म्हणून भोवती खुर्च्या मांडल्या. भजनाचे बुवा विचारत होते, "ह्या काय लावलंस रे?" त्यांना काय सांगणार.

पैशाबद्दल. सॉफ्टवेअर फुकट आहे, खरं आहे, लपवलं कधी? कोयता प्रत्येकाच्या घरी असतो, तरी नारळ काढायला माणूस बोलवावाच लागतो. त्याच फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठून घ्यायचं आणि कुठे ठेवायचं ही दोन नावं उलटी पडली, तर कोरी डिस्क काकांच्या डिस्कवर चढते आणि सगळा कारभार आटोपतो. साडेतीन हजार पावतीवर आधी लिहून दिले होते, आणि काहीच निघालं नसतं तर फक्त तपासणीचे तीनशे घेतले असते, तेही लिहिलं होतं. माझी स्वतःची दोन टीबीची डिस्क या कामात अडकून होती, तिचं भाडं लावलेलं नाही. आतलं हेड, म्हणजे तबकडीवरून डेटा वाचणारा भाग, पूर्ण गेलं असतं तर डिस्क धूळमुक्त खोलीत उघडावी लागते, ती सोय मोठ्या शहरातच, आणि तिथलं बिल पाच आकडी होतं. डिस्क फिरत असताना हेड आणि तबकडीत काही नॅनोमीटरचंच अंतर असतं, धुळीचा कण त्याहून कितीतरी मोठा. म्हणून आम्ही इथे डिस्क उघडत नाही. उघडून देतो म्हणणारा भेटला तर त्याला देऊ नका.

अर्धवट फोटोंचं म्हणाल तर ते फोटो ज्या जागेवर होते तिथले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, गेलेले आहेत. वरचा भाग दिसतो आणि खाली राखाडी. ते मी पाडलेले नाहीत आणि मला भरून काढता येणार नाहीत. बाकी काय निघालं ते काकांना विचारा. ते स्वतः दुकानात आले, आंब्याच्या पेट्यांच्या हिशोबाची फाईल उघडली, चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनला नाक लावलं आणि एकेक सीझन खाली सरकवत बघितला. शेवटी "मिळाला रे, मिळाला सगळा" म्हणाले. त्या दिवशी मला वाटलं काम चांगलं झालं. दोन दिवसांनी आपला एक स्टार.

कॉम्प्युटर चालू करून देण्याचं कामच नव्हतं. पावतीवर "फक्त डेटा" लिहिलंय, खाली आपली सही आहे. नवीन एसएसडी (न फिरणारी डिस्क) घालून विंडोज टाकायचं तर तो खर्च वेगळा. मी विचारलं होतं, आपण "आता नको" म्हणालात.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, वेळ आहे म्हणून सांगतो. काकांचं मशीन जुनं, डिस्कला कुलूप (एन्क्रिप्शन) नव्हतं, म्हणून निभावलं. नवीन लॅपटॉपमध्ये विंडोज ११ बऱ्याचदा न विचारताच डिस्क कुलूपबंद करते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायचा नंबर, सहसा आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. ते अकाउंट पोराने दुकानात उभ्या उभ्या उघडलेलं, पासवर्ड कोणालाच आठवत नाही, असं झालं तर डिस्क चांगली असूनही कोणी काही करू शकत नाही. आजच बघून कागदावर लिहून ठेवा. तौक्ते वादळानंतर, २०२१ च्या मे महिन्यात, पत्रे उडालेल्या घरांतले भिजलेले सीपीयू लोक घेऊन आले होते. त्यातले कोरडे होण्याआधीच घरी बटण दाबून बघितलेले जास्त बिघडलेले होते. भिजलं तर प्लग लावू नका, टकटक ऐकू आली तर परत परत चालू करू नका.

आपल्या सूचनेवरून यापुढे पावतीवर अंदाजे किती दिवस लागतील तेही लिहू. रोज संध्याकाळी मेसेज टाकायचंही बघतो, दुकानात मी आणि एक मुलगा, जमेल तसं.

स्टार किती ठेवायचे ते आपण ठरवा. आपली कॉपी माझ्या डिस्कवर दिवाळीपर्यंत ठेवतो, नंतर पुसून टाकू. तोपर्यंत दुसरी एक्स्टर्नल डिस्क घेऊन कोणी आलं तर आणखी एक कॉपी करून देईन, त्याचे पैसे नाहीत. जुनी डिस्क पिशवीत घालून दिली आहे, ती कशालाही जोडू नका, भाच्यालाही सांगा. येताना पावती आणा.

दुकानमालक, देवगड