फोटोत येताय, बाजूला व्हा

“मॅडम, जरा बाजूला होता का? फोटोत येताय.”

हे वाक्य मला गेल्या मंगळवारी सकाळी डोंबिवलीतल्या माझ्या बँकेत ऐकायला मिळालं. ‘माझ्या’ हा शब्द सवयीने आला. १९९४ साली पहिला पगार झाला तेव्हापासूनचं खातं आहे, म्हणून तोंडात बसलाय. बँकेच्या तोंडात तो बसलेला नाही, हे एकतीस वर्षांनी कळलं.

गेले होते भांडायला. माझी तीन लाखांची एफडी १२ एप्रिलला पिकली. फॉर्मवर ‘आपोआप नूतनीकरण’ असा एक चौकोन असतो, त्यात टिक करायची राहून गेली होती. ते मला कळलं नोव्हेंबरात. मधले सात महिने माझे तीन लाख कुठे होते, असं विचारल्यावर खिडकीतल्या मुलीने अतिशय गोड आवाजात सांगितलं, “आमच्याकडेच होते मॅडम.” आमच्याकडेच होते, पण बचत खात्याच्या अडीच टक्क्यांवर. टिक असती तर साडेसहा टक्के मिळाले असते. म्हणजे सात हजार रुपये त्या रिकाम्या चौकोनात पडले आणि बुडाले.

“रिझर्व्ह बँकेचा २०२१चा नियमच आहे मॅडम,” ती म्हणाली. नियम खरा आहे, मी घरी येऊन वाचला. मुदत संपून तशीच पडून राहिलेल्या ठेवीला बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यांपैकी जो कमी असेल तो. मला त्या ‘जो कमी असेल तो’चं फार कौतुक वाटलं. लग्नातल्या देण्याघेण्याची यादी करताना आमची एक मावशी अगदी याच सुरात बोलायची.

“पण मला कळवायचं तरी!”

“एसएमएस गेलाय ना.” तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. गेला होता खरंच. आमच्या लँडलाइनवर. तो फोन आम्ही २०१६ साली परत केला. ज्या मोबाइलवर या बँकेचे ओटीपी येतात, वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात, अक्षय्य तृतीयेला सोन्याची नाणी येतात आणि मी कधीही न मागितलेलं पाच लाखांचं कर्ज दर पंधरवड्याला मंजूर होऊन येतं, तो नंबर एफडीला जोडलेलाच नव्हता. एसएमएसचे पंधरा रुपये अधिक जीएसटी दर तिमाहीला कापले जातात, ते मात्र बरोबर माझ्याच खात्यातून.

“साहेबांशी बोला,” ती म्हणाली. म्हणून मी साहेबांच्या केबिनबाहेरच्या खुर्चीवर बसले. नोव्हेंबर असल्यामुळे शाखा पेन्शनरांनी भरलेली. जो तो आपण जिवंत असल्याचा दाखला घेऊन उभा. आणि केबिनमधून साहेब स्वतः उठून बाहेर आले. क्षणभर वाटलं, माझ्यासाठीच.

त्यांच्यामागून एक पंचविशीचा मुलगा आला. त्याने म्हणे नवीन चालू खातं उघडलं होतं. शिपायाने ट्रे आणला, त्यात कपबशी. कपबशी! या शाखेत चहा कपबशीतून येतो हे मला एकतीस वर्षांत माहीत नव्हतं. एक गुलाब, एक निळी पिशवी, पिशवीतून डोकावणारी छत्री. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, एका मुलीने मोबाइल वर धरला, आणि मग मघाचं ते वाक्य आलं. मी बाजूला झाले. नुसती झाले नाही, चक्क “सॉरी” म्हणाले. याचा राग मला अजून येतो.

आमच्यात नव्या जावयाचा दिवाळसण करतात, त्यात गैर काहीच नाही. नव्याचे नऊ दिवस असायचेच. पण पहिल्या दिवाळीला आलेल्या जावयाला चांदीचं ताट मांडताना थोरल्या सुनेला ‘फोटोतून बाजूला हो’ कुणी म्हणत नाही. म्हणतात? बरं, काही घरांत म्हणतात. तर मी त्या घरातली थोरली सून.

मला घरात घेताना मात्र केवढी पारख झाली होती! तेव्हा खातं उघडायला ओळख देणारा लागायचा, त्याच शाखेत खातं असलेला. बाबांनी शेजारच्या जोशीकाकांना विनंती केली. ते आधी विचार करतो म्हणाले, जसं काही मी त्यांच्याकडूनच कर्ज घेत होते. मग रविवारी येऊन त्यांनी सही केली, पेढा खाल्ला आणि मला “सांभाळून वाग” म्हणाले. खातं उघडल्यावर बँकेने मला दिलं काय, तर पासबुक. त्याला प्लॅस्टिकचं कव्हर मी स्वतः रस्त्यावरून दोन रुपयांना घेतलं.

तर बाजूला झाले ती पासबुक छापायच्या यंत्रापाशी. तिथे ते आजोबा होते.

प्रत्येक शाखेत असे एक आजोबा असतात, पण यांच्यासारखे नसतील. साधारण अठ्ठ्याहत्तरीचे, रेल्वेतून निवृत्त. त्या यंत्राचे ते स्वयंघोषित पुजारी आहेत. “पान उलटं धरलंय”, “बारकोड खाली”, “आता ढकला, जोरात नाही, प्रेमाने”, असे मंत्र ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात. यंत्र त्यांचं ऐकतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. माझं पासबुक त्याने दोनदा ओकलं होतं, आजोबांनी त्याच्या पाठीत चापट मारल्यावर निमूट गिळलं.

त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकलं होतं. लपवायचा प्रयत्नही केला नाही.

“ताई, किती गेले?”

“सात हजार.”

त्यांनी छताकडे बघून हिशेब केला. “अठ्ठावीस छत्र्या.”

“काय?”

“अडीचशेची एक धरा. बरी असते त्यांची, दांडी जरा कमकुवत. अठ्ठावीस गेल्या तुमच्या.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “व्याज काय घेऊन बसलात? व्याजावर टॅक्स आहे. छत्रीवर आहे का?”

आणि त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी उघडली. ती पिशवीही कुठल्या तरी बँकेचीच. आत एक थर्मास, दोन किल्ल्यांचे गोंडे, रेक्झिनचं फोल्डर आणि एक छत्री, सगळ्यांवर वेगवेगळ्या बँकांची नावं. आजोबा नवीन खाती उघडतात. हा त्यांचा व्यवसाय नाही, व्रत आहे. झिरो बॅलन्सचं खातं बघायचं, उघडायचं, भेट घ्यायची, तेरा महिने ठेवायचं आणि बंद करायचं.

“तेराच का?”

“उघडल्यापासून चौदा दिवसांत बंद केलं तर काही कापत नाहीत. पण चौदा दिवसांत करायचं म्हणजे माणुसकी नाही हो. त्यानंतर वर्षाच्या आत बंद केलं तर दंड. वर्ष झालं की फुकट. वर एक महिना मी माझ्याकडून देतो.”

“आणि पैसे कुठे ठेवता?”

“कसले पैसे?” आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्यांच्याकडे उसने मागितले असावेत. “पेन्शन पोस्टात. बँकेत मी पैसे ठेवतच नाही. पैसे ठेवले की तुम्ही जुने झालात.”

हे मला पटलं, म्हणून जास्त झोंबलं. आजोबांची पुढची योजना अशी होती, की मीही हे खातं बंद करावं, रस्त्यापलीकडच्या बँकेत जावं, तिथली छत्री घ्यावी आणि वर्षाने इकडे नवी म्हणून परत यावं. “तुमच्याही हातात गुलाब देतील. फोटो काढतील. तेव्हा कोण फोटोत येतंय ते बघून घ्या. मी येईन, मला बाजूला करा, मला काही वाटणार नाही.”

“पण माझे सगळे हप्ते, गॅसची सबसिडी, लाइटचं बिल या खात्याला जोडलंय.”

“हो ना,” आजोबा पेपर उघडत म्हणाले. “त्यांनाही ते माहीत आहे.”

पूर्वी असं फार नव्हतं, असं म्हणण्याचा मोह होतोय. बचत खात्याचा दर रिझर्व्ह बँकच ठरवायची, त्यामुळे लोभ दाखवायची सोयच नव्हती. २५ ऑक्टोबर २०११ला तो बँकांवर सोपवला गेला. तेव्हा दर चार टक्के होता. काही तरुण बँकांनी लगेच सहा टक्के देऊन गिऱ्हाईक ओढलं. आमची बँक चारवर निवांत बसली, मग साडेतीन, तीन, आणि आता अडीच. आम्ही कुठे जाणार नाही याची तिला खात्री होती, आणि आम्ही गेलो नाही. मुदत ठेवीत तर सारख्या रकमेला, सारख्या मुदतीला जुन्या-नव्यात भेद करायची परवानगीच नाही. म्हणून भेद मुदतीत घालतात. चांगला दर असतो चारशे चव्वेचाळीस दिवसांच्या खास ठेवीला. हा आकडा कुणी पत्रिका बघून काढला देव जाणे. तुमची साधी एक वर्षाची ठेव मात्र आपोआप नूतन झाली तरी एक वर्षाचीच होते, चारशे चव्वेचाळीस कधी होत नाही. खास दर त्याला मिळतो जो येऊन मागतो. आणि येऊन मागायला आधी कुणीतरी सांगावं लागतं. मला आजोबांनी सांगितलं. खिडकीतल्या मुलीने नाही.

साहेब शेवटी भेटले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि “आपण आमच्या जुन्या कस्टमर” असं म्हणाले. एखाद्या दुखण्याबद्दल बोलावं तसं. सात हजारांचं काही होणार नाही, सिस्टिम घेत नाही. मग मी लॉकरचं विचारलं. २०१९पासून यादीत आहे. यादीतला नंबर द्यायचाच असा नियम झाल्यावर मला एक्केचाळीस मिळाला होता. आता अडतीस आहे. तेव्हापासून वाट बघणारे तीन जण कमी झाले, ते कसे झाले असतील हे नोव्हेंबरात, त्या दाखल्यांच्या रांगेत बसून विचारायला नको वाटलं.

“आणि मघाच्या त्या मुलाला?” मी विचारलं. कारण त्याच्या हातात लॉकरचा करारनामा मी स्वतः पाहिला होता.

“तो वेगळा सेगमेंट आहे मॅडम.”

इथे विनोद सुचला असता तर बरं झालं असतं. नाही सुचला. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात या वाक्याला सतरा उत्तरं दिली, त्यातली दोन छापण्यासारखी नाहीत.

त्याआधी ठेव केली. चारशे चव्वेचाळीस दिवसांचीच. तिथेच. हो, तिथेच केली, मला माहीत आहे. चौकोनात टिक इतकी जोरात केली, की कार्बन नसताना खालच्या कागदावर उमटली. छत्री मागितली, तर शिपाई म्हणाला, “ती नवीन खात्यांची.” कॅलेंडर मागितलं, तर म्हणाला, “जानेवारीत या.”

शुक्रवारी पुन्हा जावं लागलं. नॉमिनीचा फॉर्म राहिला होता. १ नोव्हेंबर २०२५पासून एका खात्याला चार नॉमिनी नेमता येतात. नवऱ्याने विचारलं, चौघांत अडीच टक्के वाटायचे म्हणजे कसे? मी दोघांवर थांबले.

शाखेत शिरले तर नोटिस बोर्डापाशी आजोबा उभे, आणि त्यांच्याभोवती हातात दाखले घेतलेले तीन पेन्शनर. बोर्डावर मंगळवारचा फोटो छापून लावला होता. साहेब, मुलगा, गुलाब, आणि उजव्या कडेला, कापताना राहून गेलेलं, एक कोपर आणि निळ्या फुलांची कापडी पिशवी.

“ही आमच्या ताईंची,” आजोबा बोट ठेवून सांगत होते. “आत तीन लाखांची पावती आहे.”