रिंकू सिंगला परस्पर मेजर लीगमध्ये पाठवू नका

ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आलाय: "यूपीच्या खेड्यातला फास्ट बॉलर रिंकू सिंग अमेरिकेत १० लाख डॉलर जिंकला आणि मेजर लीगचा स्टार पिचर झाला!" वर फोटो केकेआरवाल्या रिंकूचा. तो वेगळा रे बाबांनो, पण ते जाऊच दे. गोष्ट बेसबॉलची आहे: पिचर म्हणजे त्यातला बॉल टाकणारा, आणि मेजर लीग म्हणजे अमेरिकेतली सगळ्यात वरची बेसबॉल लीग.

पहिलं म्हणजे हा फॉरवर्डमधला रिंकू बॉलर नव्हताच, भदोहीचा भालाफेकपटू होता, आणि त्याच्यासोबत गेलेला दिनेश पटेलपण भालावालाच. बॉलरने कोपर वाकवून बॉल टाकला की आपण थ्रो थ्रो म्हणून बोंबलतो, पिचरला नेमकं तेच करायचं असतं, हात मागे दुमडायचा आणि खांद्यावरून झटक्यात सोडायचा, त्यामुळे सरळ हाताची सवय लागलेल्या बॉलरपेक्षा भालावाल्याला ते जवळचं.

पैसे: २००८ मध्ये त्याने जिंकलेल्या पिचिंगच्या स्पर्धेचं नावच 'मिलियन डॉलर आर्म', म्हणून सगळे मिलियन धरून चालतात. रिंकूला मिळाले १ लाख डॉलर. वरचं शून्य तुमचं.

आता मेजर लीग. नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीगच्या टीमने दोघांना साइन केलं हे खरंय, पण साइन केलं म्हणजे वरच्या टीमकडून खेळला असं नसतं ना, खाली मायनर लीगची अख्खी शिडी असते, रूकी, मग सिंगल-एच्या पायऱ्या, डबल-ए, ट्रिपल-ए, तेव्हा कुठे मेजर. दिनेशला २०१० मध्ये सोडून दिलं. रिंकू टिकला. जुलै २००९ मध्ये फ्लोरिडाच्या रूकी लीगमध्ये पहिला विजय त्याच्या नावावर लागला, पुढे ऑस्ट्रेलियात कॅनबराकडून खेळला, डोमिनिकन रिपब्लिकमध्ये खेळला, आणि २०१२ ला वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या टीमकडून लो-एमध्ये, म्हणजे सिंगल-एच्या खालच्या पायरीवर, ३९ मॅच, त्यात मिळून ७२ इनिंग बॉल टाकला, ईआरए ३.००, म्हणजे फिल्डरच्या चुका सोडल्या तर दर ९ इनिंगला ३ रन. पाच वर्षांपूर्वी ज्याने बेसबॉल हातात धरला नव्हता त्याचा हा आकडा आहे, आणि मला विचाराल तर त्या १ लाखापेक्षा हाच भारी, पण फॉरवर्डमध्ये लो-ए लिहिलं तर शेअर कोण करणार!

आणि "स्टार झाला"चं म्हणाल तर २०१२ नंतर तो एकही मॅच खेळला नाही. कोपर गेलं. टॉमी जॉन सर्जरी झाली, यात कोपरातल्या फाटलेल्या लिगामेंटच्या जागी शरीरातलाच दुसरीकडचा टेंडन बसवतात आणि परत बॉल टाकायला वर्ष-सव्वा वर्ष सहज जातं. जानेवारी २०१८ मध्ये त्याने डब्ल्यूडब्ल्यूई साइन केलं. लांब केस, दाढी, कपाळावर भस्माचे पट्टे, नाव वीर महान. ग्रुपमधल्या निम्म्यांनी त्याचे रील पाहिलेत, फक्त तोच हा डावखुरा पिचर हे कुणाला माहीत नाही.