हवेत पीळ येतो कुठून?

परवा शहापूरच्या कट्ट्यावर अण्णानं मोबाइलवर अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सची 2019 मधली फ्लोअरवरची उडी लावली. दोन कोलांट्या, त्यात तीन पिळे, म्हणजे अंगाच्या लांबीभोवती तीन गिरक्या. अण्णा मल्लखांब शिकवतो, म्हणून या विषयात त्याचा शब्द आम्ही सहसा खाली पडू देत नाही.

"जमिनीवर पायानं पीळ घेतल्याशिवाय हवेत अंग वळत नाही," तो म्हणाला. "रेटा द्यायला तिथं हाय काय?"

मास्तर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. "रेटा नाही, बरोबर. गुरुत्वाकर्षण ओढतं ते गुरुत्वमध्यातून, त्यानं अंग फिरत नाही नि थांबतही नाही. पाय सुटताना जेवढं अँग्युलर मोमेंटम, म्हणजे फिरण्याचा साठा, तेवढंच पाय टेकेपर्यंत. पण पीळ हवेतही सुरू करता येतो."

"म्हणजे नियम खरा, आणि पीळ पण फुकट? काय सांगालास रे!"

"फुकट नाही, कोलांटीतूनच घ्यायचा. मोमेंटमला दिशा असते आणि तीही बदलत नाही. सरळ कोलांटीत ती कमरेतून आडवी जाते. आता दोन्ही हात वर आहेत, त्यातला एक बाजूनं झटक्यात खाली आण. हात एकीकडे फिरला की बाकीचं अंग उलटीकडे कलतं. दिशा जागेवरच, अंग तेवढं तिरकं. मग त्याच मोमेंटमचा एक वाटा डोक्यापासून पायापर्यंतच्या आसावर पडतो."

हात आवळलेलं ताठ अंग त्या आसाभोवती फिरवायला फार सोपं असतं. कोलांटीच्या आसाशी तुलना केली तर जडत्व, म्हणजे फिरवायला होणारा विरोध, दहाव्या भागाहूनही कमी. म्हणून 10 अंशांच्या कलानं एका कोलांटीत दीडेक पीळ सहज बसतो. इतक्या थोड्या कलात एवढं फिरणं, हे मला तरी अजून थक्क करतं.

"मग मांजराचं काय? ते तर कोलांटी न मारताच पायावर पडतंय," मध्येच कुणीतरी विचारलं. फ्रेंच शास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी 1894 मध्येच त्याचे फोटो काढलेत, मास्तर म्हणाला. मांजर कमरेत वाकतं, पुढचा नि मागचा भाग वेगवेगळे फिरवतं, मोमेंटमची बेरीज शून्यच राहते. माणसालाही ते थोडंफार जमतं, पण उडीतले वेगवान पिळे बहुतेक कोलांटीतूनच येतात.

अण्णा तरी हटेना. तेव्हा मास्तरनं जो मुद्दा काढला तो माझ्या मते निर्णायक होता: पीळ थांबतो कसा? जमिनीवरून घेतलेला पीळ हात पसरून मंद होतो, पण अंगात उरतोच. कलून घेतलेला पीळ हात उलटे फिरवून कल काढला की संपतो, आणि अंग सरळ उतरतं. व्हिडिओ हळू लावून बघितला. पाय सुटताना थोडा पीळ दिसलाच, अण्णाचं तेवढं खरं. पण हात हलले तसा तो वाढला.

"पण पोरगं हवेत गोंधळलं तर?" अण्णाचा आवाज खाली आला. टोकियो ऑलिंपिकात 2021 मध्ये बाइल्सनं व्हॉल्टवर, म्हणजे टेबलावर हात टेकून मारायच्या उडीत, अडीच पिळे ठरवले होते, निघाला दीडच. आपण हवेत कुठं आहोत हेच तिला कळेना, आणि तिनं अंतिम फेरीतून माघार घेतली. तो निर्णय शहाणपणाचाच होता, यावर कट्ट्यावर कुणाचंच दुमत नव्हतं.

"म्हणून पोरांना आधी बिनपिळाची कोलांटी पक्की," अण्णा म्हणाला. मास्तरनंही मान डोलावली: कोलांटीच नसेल तर कलून पिळायला मोमेंटम येणार कुठून?