हेड उघडू नका, आधी काकांना विचारा

टायमिंग बेल्ट गेला आणि आता गाडी दुरुस्त करायची की कबाडात द्यायची, असा प्रश्न आपल्याला पडला असेल तर आपण अगदी योग्य माणसाकडे आलात. गेले एकोणीस दिवस मी दुसरा कुठलाच विचार केलेला नाही. या एकोणीस दिवसांत माझी गाडी क्रेनवर दोनदा इंदूर बघून आली, मी रोज टॉवर चौराह्यावर उभा राहून रिक्षावाल्यांची मनधरणी केली आणि नात्यातल्या अकरा माणसांनी मला सल्ला दिला. त्याचं सार आपल्याला फुकट देतो आहे. घ्या.

सर्वप्रथम, बेल्ट जायला जागा नीट निवडावी. घराच्या गल्लीत गेला तर त्याला काही शोभा नाही. आम्ही इंदूर-खंडवा रस्त्यावरचा भेरूघाट निवडला. सासूबाईंना ओंकारेश्वरचं दर्शन घडवून परत येत होतो, त्यांच्या मांडीवर नर्मदेच्या पाण्याची कॅन. बडवाह मागे पडलं, चोरल गेलं, चढ लागला आणि तिसऱ्या गियरमध्ये समोरून एक 'टक्' आला. बस. धूर नाही, वास नाही, आधी एखादा दिवा लागून गेला म्हणावं तर तेही नाही. इंजिन बंद, मागे ट्रकचा भोंगा, आणि ब्रेकचं पेडल दोनदा दाबल्यावर दगडासारखं कडक. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, पेट्रोल संपलं का?"

गाडी डिझेलची आहे.

आता दुसरी पायरी, ही अत्यंत महत्त्वाची. अशा वेळी सेल्फ मारावा. एकदा मारून भागत नाही. एरवी आपली गाडी सेल्फ मारताना दम लागल्यासारखी घर्र, घर्र करते. बेल्ट गेल्यावर तीच गाडी रिकामं मिक्सरचं भांडं फिरावं तशी सुईंईं करत मोकळी फिरते. हा आवाज ऐकून शहाणा माणूस किल्ली काढून खिशात ठेवेल. आपण शहाणे नाही आहोत. मी पाच वेळा सेल्फ मारला. मग दोन भल्या माणसांनी बाइक थांबवून "भिया, गियर में डालो, धक्का मार देते हैं" असा प्रस्ताव ठेवला, आणि तोही मी नाकारला नाही. जे वॉल्व तोवर सरळ राहिले असतील, त्यांचीही सोय झाली.

ज्यांना अजून हसू येत नाहीये त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनात खाली पिस्टन वरखाली करणारी क्रँक फिरते, वर वॉल्व (म्हणजे हवा-धुराच्या झडपा) उघडणारी कॅम. क्रँकचे दोन फेरे, कॅमचा एक; हे गणित जुळवून ठेवणारा रबराचा दातेरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. २,००० आरपीएमवर प्रत्येक वॉल्व सेकंदाला सोळा-सतरा वेळा उघडून मिटतो, आणि पिस्टन वर यायच्या आत त्याने वाटेतून बाजूला व्हायचं असतं. डिझेलमध्ये तर पिस्टन पार हेडला, म्हणजे वॉल्व बसवलेल्या वरच्या झाकणाला, टेकेल इतका वर येतो. पट्टा गेला की कॅम जागच्या जागी थांबते, काही वॉल्व उघडेच राहतात, आणि पिस्टन मात्र वर येतच असतो. पुढे काय होतं ते आता माझ्या टेबलावर पेनस्टँडमध्ये उभं आहे. सहा वॉल्व. आठातले सहा. एकेक असा मान टाकलेला, कोमेजलेल्या फुलासारखा.

इन्शुरन्सवाल्याला फोन अवश्य करावा. 'मेकॅनिकल ब्रेकडाउन पॉलिसीत बसत नाही' हे वाक्य तो फार गोड आवाजात म्हणतो.

आता निर्णय. दुरुस्ती करावी की नाही, हे ठरवताना एक पथ्य पाळावं: इंजिनात नक्की काय मोडलंय ते आधी बघू नये. ते बघितलं की चर्चेतली मजाच जाते. नवा पट्टा तात्पुरता चढवून, इंजिन हाताने फिरवून, एकेका सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते हे बघायला हजार-दीड हजार रुपये आणि अर्धा दिवस लागतो. कॅमेऱ्याची बारीक नळी घालून पिस्टनवर ठसे उमटलेत का तेही दिसतं. पण त्यापेक्षा काकांना विचारणं स्वस्त.

आमचे काका रामबागेत राहतात. त्यांनी गाडी न बघता, चहाचा कप खाली न ठेवता, निकाल दिला: "विकून टाक. डिझेलला दहा वर्षांची बंदी आहे." ती भानगड दिल्लीकडची, काका, आणि तिथेही ती आता सरसकट राहिलेली नाही. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, पुढे फिटनेस काढून वाढवता येते. "दिल्लीत काल आली, इथे उद्या येईल," काका म्हणाले. साडूंचं म्हणणं, कटिंगचं, म्हणजे मोडीत काढलेल्या गाडीचं, इंजिन बसव, चाळीस हजारांत काम. त्या इंजिनाने आधीच्या जन्मी काय काय पाहिलं, त्याचा बेल्ट कधीचा आहे आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवायला आरटीओत कोण उभं राहणार, हे साडूंच्या अखत्यारीत येत नाही. पुण्याच्या चुलतभावाने इलेक्ट्रिक घे म्हणून सांगितलं. तो कुठल्याही प्रश्नाला हेच सांगतो.

मग वर्कशॉप. तिथे एसी असतो, कॉफी असते आणि 'सर' म्हणतात. टायवाल्या मुलाने पंचवीस मिनिटं काँप्युटरवर टकटक करून एस्टिमेट काढलं: १,४६,०००. मी विचारलं, हेड उघडलं का? "नहीं सर, खोलने का अप्रूवल आप देंगे ना." मग न उघडता हे कसं कळलं? "सर, इसमें हेड असेंब्ली ही चेंज होती है." म्हणजे रोग्याला हात न लावता डोकं बदलायचं ठरलं. अख्खं हेड, १ नग. खाली पंधरा ओळी: गॅस्केट, बोल्ट, कूलंट, 'कन्झ्युमेबल्स' ३,२००. कन्झ्युमेबल्स म्हणजे काय? पुसायचं फडकं असावं. बत्तीसशे रुपयांचं फडकं! आणि शेवटी, अत्यंत नम्रपणे, "सर, एक्स्चेंज में दे दीजिए, हम इस कंडिशन में पचास तक करवा देंगे." शोरूम त्याच आवारात, मधे फक्त एक काचेचा दरवाजा. बाराव्या मिनिटाला मी नव्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसलेलो होतो आणि माझ्या हातात पुन्हा कॉफी होती. हे कसं झालं ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

एक सांगून ठेवतो. त्या काचेच्या दरवाजातून जाताना मनात जो हिशेब होतो, तो आपण सगळे एकाच पद्धतीने चुकतो. 'गाडीची किंमत दोन लाख, खर्च दीड लाख, छे, परवडत नाही.' बरोबर वाटतं ना? अहो, पण चालू गाडी दोन लाखांची. बंद पडलेली तुमची ही गाडी पन्नासाची. मधले दीड लाख तुम्ही आधीच गमावून बसला आहात, प्रश्न फक्त ते किती पैशांत परत मिळतात एवढाच. आणि दुसऱ्या पारड्यात काय ठेवायचं? नवी गाडी. आठ लाखांचं कर्ज, पाच वर्षं, नऊ टक्के, म्हणजे महिन्याला साडेसोळा हजारांचा हप्ता. सोबत टॅक्स आणि पहिल्या वर्षाचा फुल इन्शुरन्स. हे पारडं मात्र कुणी बघत नाही, कारण त्या पारड्यात सनरूफ असतं.

आमच्या गॅरेजवाल्या उस्तादाने हेड उतरवून, ते उलटं करून, बोटाने काजळी पुसून मला दाखवलं. "देखो भिया. पिस्टन पे निशान है, पर हल्का. गाइड दो गए. हेड में क्रॅक नहीं." मग लेथवर पाठवून फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं), आठही वॉल्व नवे, दोन गाइड (वॉल्व ज्यांत सरकतात त्या नळ्या), सील, गॅस्केट, हेडचे बोल्ट (असल्या इंजिनांत ते एकदाच वापरायचे असतात, जुने पुन्हा आवळणाऱ्या मिस्त्रीकडून गाडी उचलून आणा), बेल्टचा पूर्ण किट, वॉटर पंप, ऑइल, कूलंट. ६१,०००. चार हप्तेही नाहीत. मी केली दुरुस्ती. बॉडीला गंज असता, क्लच संपलेला असता, पिस्टनला भोक पडलं असतं, तर नसती केली. पन्नास घेऊन गप्प बसलो असतो. इतकं सोपं होतं हे. यासाठी एकोणीस दिवस.

पण खरा सल्ला राहिलाच. गाडी कमी चालवा! ही आपल्या मराठी माणसाची खास विद्या. नऊ वर्षांत अठ्ठावन्न हजार किलोमीटर. हा आकडा मी लग्नसमारंभात सांगत असे. कव्हर घालून ठेवलेली, रविवारी फडक्याने पुसलेली, खजराना गणपती आणि विमानतळ यापलीकडे क्वचित गेलेली गाडी. विकताना जाहिरातीत 'डॉक्टरची गाडी, फारच कमी चाललेली' लिहायला मिळतं म्हणून जपलेली. पाचव्या वर्षी सर्व्हिसला एका म्हाताऱ्या मेकॅनिकने सांगितलं होतं, "साब, बेल्ट किट बदलवा लो, नौ हजार." मी त्याच्याकडे संशयाने पाहिलं. म्हटलं, लुटायला बसलेत. अजून पन्नास हजारसुद्धा झालेले नाहीत! पुस्तिकेत बेल्टच्या ओळीपुढे किलोमीटर लिहिलेत, वर्षंही लिहिलीत, आणि मराठी-हिंदी-इंग्रजी कुठल्याही भाषेत कळेल असं लिहिलंय: जे आधी येईल ते. जे आधी येईल ते! मी त्यातले फक्त किलोमीटर वाचले, कारण त्यात माझा फायदा दिसत होता. रबराला काय कळतंय गाडी कव्हरखाली उभी आहे की मुंबईला निघाली आहे? माळव्याच्या बेचाळीस डिग्रीत बंद बॉनेटखाली ते नऊ उन्हाळे भाजलं. उस्तादाने पट्टा काढून हातात दिला तेव्हा तो तुटलेला नव्हताच. अखंड गोल होता. एका जागी बोटभर लांबीत दात झडलेले, आणि पाठीवर बारीक भेगा, टाचेला पडतात तशा. वॉटर पंपाचं बेअरिंग अडकलं, पट्ट्याला झटका बसला, दात गेले.

आणि दर वर्षी सर्व्हिसच्या कागदावर त्याच वर्कशॉपने काय टिकमार्क केलंय माहीत आहे? 'बेल्ट: ओके.' चार वर्षं, चार टिकमार्क. टायमिंग बेल्ट प्लास्टिकच्या कव्हरखाली असतो. उस्तादाने कव्हर काढलं तेव्हा त्याच्या स्क्रूवरची धूळ कंपनीतून आली तशीच होती. बाहेरून दिसतो तो अल्टरनेटरचा पट्टा, तो बघून टिक मारली. पैसे घेतले, पावती दिली, वर 'आमच्या सेवेला दहापैकी दहा द्या सर'. मी दिले होते. दहापैकी दहा.

आता हसण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा सरळ सांगतो. माझ्या सासूबाई, वय एकाहत्तर, घाटातल्या वळणावर कठड्याला टेकून पावणेदोन तास क्रेनची वाट बघत उभ्या होत्या, मागून ट्रक चढत होते. नऊ हजारांसाठी. उतारावर जाताना हेच झालं असतं तर त्या कडक झालेल्या ब्रेकवर मी काय केलं असतं, याचा विचार मी रात्री करतो आणि मग झोप येत नाही. आणि तुम्ही, इथवर वाचून 'बिचारा' म्हणणारे, तुमच्या गाडीत बेल्ट आहे की चेन, हे तरी माहीत आहे का तुम्हाला? जुनी गाडी घेतलीत तेव्हा टायर बघितलेत, म्युझिक सिस्टीम वाजवून बघितलीत, मालकाला विचारलंत का बेल्ट कधी बदललाय, आणि बिल आहे का? नाही विचारलंत. वर 'ऍव्हरेज किती देते' हे तीनदा विचारलंत. महिन्याला दोन हजारांची शेव आणि नमकीन खाणारे आपण, पाच-सहा वर्षांतून एकदा करायच्या खर्चाला 'लूट' म्हणतो, आणि मग दीड लाखाचा कागद समोर आला की काकांकडे जातो. लाज वाटली पाहिजे. मला वाटते आहे.

पुस्तिका डॅशबोर्डच्या खणात आहे. टोलच्या पावत्या आणि त्या जुन्या पीयूसीच्या खाली. जा, काढा, आणि दोन्ही आकडे वाचा.