खंड पडण्याचे कारण

गेल्या बावीस वर्षांत मी कोणत्याही गैरकृत्यात सहभागी नव्हते, असं मला परवा पाचशे रुपयांच्या स्टँपवर लिहून द्यावं लागलं. का, तर मला एम.ए. करायचंय.

विद्यापीठ दूरशिक्षणाचं. कुठलं ते सांगणार नाही, निकाल अजून त्यांच्याच हातात आहे. आमचं अभ्यासकेंद्र ठाण्यातल्या एका शाळेत आहे. रविवारी सकाळी तिथे संपर्क सत्र भरतं आणि प्राथमिकच्या बाकांवर आम्ही आडवे-तिरके बसतो. एक टीएमटीचे कंडक्टर, एक रात्रपाळी उरकून थेट येणारी नर्स (ती पहिला तास झोपते, समंत्रक सर तेवढा वेळ आवाज खाली ठेवतात), आणि चाळिशी उलटलेल्या आम्ही बऱ्याच जणी. वर्ग छान आहे. वाकडं आहे ते खिडकीशी.

"बी.ए. दोन हजार तीन? म्हणजे गॅप आहे," खिडकीतले साहेब म्हणाले. "गॅप सर्टिफिकेट आणा."

"माहितीपुस्तिकेत तर नाहीये."

"पुस्तिकेत नसतं ते. लागतं."

आता मला सांगा, ज्यांच्या शिक्षणात खंड पडलाय त्यांच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप ना? ब्रिटनने १९६९ साली मुक्त विद्यापीठ काढलं, दिल्लीत १९८५ साली इग्नू आलं, १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं निघालं. कशासाठी? सुटलेल्यांना परत घ्यायला. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हा दारात कुणी टेबल टाकून 'इतकी वर्षं कुठे होतास, लिहून आण' म्हणत असेल असं वाटत नाही. पण खिडकीपुढे इतिहास चालत नाही. मागे रांग होती.

म्हणून अर्धी रजा टाकून कोर्टनाका.

तिथे झाडाखाली टायपिस्ट बसतात. पूर्वी टाइपरायटर होते, आता लॅपटॉप, पण छत्री तीच आणि कागद उडू नये म्हणून ठेवलेला दगडही बहुधा तोच. माझ्या वाट्याला आलेले काका साठीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी 'गॅप' म्हणताच त्यांनी फाइल उघडली आणि स्टँप पाचशेचा लागेल म्हणून सांगितलं. ऑक्टोबर २०२४पासून शंभराचे दिवस संपलेत, हे मलाही ठाऊक होतं. पण विद्यार्थ्यांच्या दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रांना तो माफ असल्याचं सरकारने पुढे जाहीर केलंय, हेही मी वाचलं होतं. ते मी ऐटीत सांगितलं.

"बातमी मीपण वाचली," काका म्हणाले. "तुमच्या क्लार्कने वाचलीय का?"

मी पाचशे काढले.

"बोला. सन दोन हजार तीन ते पंचवीस. कारण?"

"नोकरी करत होते."

"नोकरीचं लेटर आहे?"

"दोन कंपन्या झाल्या. पहिली बंद पडली."

"मग नोकरी नको. बंद पडलेल्याचं लेटर कोण देणार? सोपं काहीतरी घेऊ." त्यांनी बोटाने स्क्रीन खाली सरकवला. "आजारपण, आर्थिक अडचण, नापास, घरगुती. आजारपणाला बावीस वर्षं जास्त होतात. आर्थिक अडचण टाकू?"

"अडचण नव्हती हो. पगार येत होता."

"म्हणजे तेही नाही." काका खरोखर चिंतेत पडले.

शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा वारसाच्या प्रतिज्ञापत्रासाठी बसले होते. गावच्या जमिनीत सात वारस, त्यातल्या एका पुतण्याचं आधार कार्ड सापडत नव्हतं, त्यामुळे त्यांना भरपूर वेळ होता. ते पुढे सरकले.

"लग्न लिहा ना. लग्न झालं की बायकांचं शिक्षण थांबतंच. त्यात काय विचारायचं?"

"लग्न कधी झालं मॅडम?" काकांनी विचारलं.

"दोन हजार सात."

"मग आधीची चार वर्षं?"

दोघेही माझ्याकडे बघायला लागले. चार वर्षं मी कुठे दडले होते, हा प्रश्न आता टपरीवाल्यालाही पडला होता. तो चहा गाळायचा थांबला.

"स्थळं बघत असतील," आजोबांनी निकाल दिला.

"स्थळं बघणं फॉरमॅटमध्ये नाही," काका म्हणाले.

"टाका की नवीन."

"नोटरी उडवेल."

यावर दोघांची माझ्या डोक्यावरून रीतसर चर्चा झाली. आजोबांच्या मते चांगलं स्थळ मिळायला चार वर्षं लागणं रास्त होतं. त्यांच्या धाकटीला पाच लागली होती आणि जावई पुढे पीडब्ल्यूडीत लागला. काकांचं म्हणणं, भावना बरोबर आहे, पण कागदावर येत नाही. मी दोनदा "अहो, मी तेव्हाही नोकरीच करत होते" म्हणाले. ते कुणी टाइप केलं नाही.

"घरगुती टाकतो," काका शेवटी म्हणाले. "लेडीजचं सगळ्यांचं तेच असतं."

आणि टाकलं. हे हसून सांगतेय, पण तेव्हा चांगलीच चिडले होते. जुलै २०१७मध्ये जीएसटी आला तेव्हा ऑफिसात रात्री अकरापर्यंत बिलं जुळवत बसले होते, ते घरगुती? सासूबाईंचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा आणि मार्चअखेरीचं क्लोजिंग एकाच महिन्यात काढलं, त्यातलं घरगुती किती आणि कंपनीचं किती, हे कुठल्या रकान्यात भरायचं? बावीस वर्षांचा पीएफ माझ्या नावावर जमा आहे. सरकारच्या एका खात्याला मी तेव्हा कुठे होते ते महिन्यागणिक माहीत आहे. दुसऱ्या खिडकीला मात्र वाटतं, मी बी.ए.चा निकाल घेऊन घरी गेले ती थेट आत्ताच उठले.

प्रिंट आली. फॉरमॅट पुरुषाचा होता. काकांनी 'शकलो'चं 'शकले' केलं, 'घेतला'ही नीट तपासलं, पण शेवटच्या ओळीत 'सहभागी नव्हतो' तसंच राहिलं. मी दाखवलं तर म्हणाले, "अर्थ पोचतो." नोटरींनी मान वर न करता गोल शिक्का मारला, रजिस्टरात सही घेतली. आजोबांनी "शिका, शिका" म्हणून आशीर्वाद दिला. पुतण्याचं आधार अजून सापडलं नव्हतं.

सोमवारी खिडकीत कागद सरकवला. साहेबांनी मजकूर वाचलाच नाही. स्टँप पाहिला, शिक्का पाहिला, मग माझं आधार आणि बी.ए.ची गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवली.

"आडनाव वेगळंय."

"ते माहेरचं."

"मग यातली प्रवेश कोण घेतंय?"

"दोघी मीच."

"तसं प्रतिज्ञापत्र आणा," ते म्हणाले. "नेक्स्ट."