सिंड्रेलाची ‘मूळ’ गोष्ट नेमकी कोणती?

गेल्या पंधरवड्यात एकच संदेश मला तीन ग्रुपांवर आला. धरमपेठेतल्या आमच्या सोसायटीच्या, माहेरच्या आणि मैत्रिणींच्या. सोबत एका किशोर-कादंबरीच्या मुखपृष्ठाचा फोटो, त्यावर हातात तलवार घेतलेली सिंड्रेला. मजकूर थोडक्यात असा: या नव्या फँटसी कादंबऱ्यांनी मूळ परीकथा नासवल्या. लहानांच्या निरागस गोष्टींत रक्तपात आणि प्रेमप्रकरणं घुसडली. आपल्याकडे जुन्या गोष्टीला असा हात कुणी लावत नाही. आणि हे वाचून मुली उद्धट होतात.

माझी भाची दहावीत आहे. ती ही पुस्तकं वाचते, आणि तिच्या मागोमाग मीही त्यातली बरीच वाचली आहेत. म्हणून हे उत्तर.

पहिला मुद्दा मूळ गोष्टीचा. काचेचा बूट, भोपळ्याची बग्गी आणि मदतीला धावणारी परी आपल्याला ठाऊक आहेत ती शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाच्या १६९७ सालच्या पुस्तकामुळे. ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये जर्मनीत हीच गोष्ट छापली, तर तीत परी नाहीच. आईच्या थडग्यावर एक झाड आहे, ते हलवलं की पोरीला कपडे मिळतात. चीनमध्ये नवव्या शतकात लिहून ठेवलेल्या गोष्टीत तिला तारतो तो मासा, आणि बूट सोन्याचा आहे. पेरोच्याही साठेक वर्षं आधी इटलीत बाझिले या लेखकाने सांगितलेली सिंड्रेला तर पेटीचं झाकण मानेवर आपटून सावत्र आईला ठार करते. तलवारीचं आश्चर्य वाटणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

यातली कोणती मूळ? माझी आजी चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगायची, तेव्हा शेणाचं घर वाहून गेलेल्या कावळ्याला चिमणी तापल्या तव्यावर बसवायची. शेजारच्या काकूंची चिमणी त्याला आत घेऊन खाऊ घालायची. दोघींपैकी एकीनेही दुसरीला खोटं पाडलं नाही.

निरागसपणाचं म्हणाल, तर ग्रिम बंधूंची पहिली आवृत्ती मुलांना झोपवायला काढलेलीच नव्हती, अभ्यासाच्या टिपा जोडलेला तो संग्रह होता. त्यातली स्नो व्हाइटला मारायला निघालेली राणी ही तिची सख्खी आई. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. पहिल्या आवृत्तीतली रपुंझेल भोळेपणाने विचारते, माझे कपडे घट्ट का होताहेत? तिला दिवस गेलेले असतात. पुढे हे वाक्य वगळलं. सिंड्रेलाच्या बहिणी बुटात पाय बसावा म्हणून एकीने अंगठा तर दुसरीने टाच कापली, ते मात्र राहिलं. म्हणजे रक्त आणि प्रेमप्रकरण दोन्ही आधीपासून होतं, नव्या लेखकांनी ते बाहेरून आणलेलं नाही. संदेश लिहिणाऱ्यांना आठवतंय ते बहुधा १९५० सालच्या डिस्नेच्या चित्रपटातलं, आणि तोही पेरोवरून रचलेला.

तिसऱ्या मुद्द्याने मला खरं दुखावलं, कारण तो नागपुरात बसून लिहिलाय. इथून पन्नासेक किलोमीटरवर रामटेक आहे. ‘मेघदूता’तला रामगिरी तो हाच असं आपण पिढ्यान्‌पिढ्या मानतो, कालिदासाच्या नावाचं संस्कृत विद्यापीठही तिथेच आहे. त्या कालिदासाने शकुंतलेचं काय केलं? महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत अंगठी नाही, दुर्वासाचा शापही नाही. तिथली शकुंतला लग्नाआधीच अट घालते की माझाच मुलगा युवराज होईल. दुष्यंताला सगळं आठवत असतं, तरी तो भर दरबारात तिला नाकारतो, आणि ती त्याला तिथल्या तिथे खडे बोल सुनावते. कालिदासाने शाप आणून राजाला दोषातून सोडवलं आणि गोष्टीचा सगळा भारच बदलला. आपण त्याला महाकवी म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. मग एका जुन्या कथेची नायिका आज कुणी बदलली, तर तेवढ्यानेच ती नासली कशी?

उद्धटपणाचं थोडक्यात. रुक्मिणी विदर्भाची. भावाने ठरवलेलं लग्न मोडायला तिने स्वतः कृष्णाला पत्र पाठवलं, मला येऊन घेऊन जा म्हणून. दर आषाढीला कौंडिण्यपूरहून तिची पालखी पंढरपूरला जाते, आपण तिच्यापुढे हात जोडतो. दमयंतीही इथलीच, हरवलेल्या नवऱ्याला शोधायला खोटं स्वयंवर मांडणारी. यांच्या गोष्टी ऐकून आपण बिघडलो नाही.

एक गोष्ट मात्र त्या संदेशातल्यापेक्षा जास्त काळजीची आहे आणि ती मी भाचीलाही सांगितली. या कादंबऱ्यांपैकी काहींत नायक मुलीला कोंडून ठेवतो, पाळत ठेवतो, आणि त्यालाच प्रेम म्हटलं जातं. हे मला पटत नाही. पण त्याला मी जोखते तेही जुन्याच गोष्टीवर. ‘ब्युटी अँड द बीस्ट’चं १७५६ मध्ये बोमाँ या फ्रेंच लेखिकेने मुलींसाठी लिहिलेलं छोटं रूप घ्या. त्यातली ब्युटी वाड्यात अडकलेलीच आहे, तरीही तो पशू रोज रात्री विचारतो, माझ्याशी लग्न करशील का? ती रोज नाही म्हणते, आणि तो उसासा टाकून निघून जातो. शेवटी माहेरी जायचं म्हणते तेव्हा जाऊही देतो. त्या पशूला जे कळलं ते एखाद्या नव्या नायकाला कळत नसेल, तर त्या पुस्तकाचं नाव घेऊन तसं लिहा. मीही लिहीन. सरसकट सगळ्यांवर शिक्का मारू नका.

संदेश पुढे पाठवणाऱ्या आमच्या सोसायटीतल्या ताईंना माझं सांगणं आहे, ग्रिम बंधूंच्या गोष्टी आणि ती तलवारवाली कादंबरी, दोन्ही माझ्याकडे आहेत. रविवारी घरी या आणि घेऊन जा. कादंबरी तेवढी लवकर परत करा, भाचीचा शेवटचा भाग वाचायचा राहिलाय.