सुट्टीच्या दिवशी दुखतं का?

आज दुपारी एका सेवापूर्ती समारंभाला गेले होते. खरं तर जायचं नव्हतं. पण ग्रुपवर चार वेळा निरोप आला, जुनी माणसं भेटतील असं वाटलं, म्हणून गेले. सत्कारमूर्ती म्हणजे बँकेतले माझे एकेकाळचे शाखाधिकारी. शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं सुरू झाली. जो उठेल तो माईकवर तेच सांगत होता. साहेब कडक शिस्तीचे, पण आतून फणसासारखे गोड. साहेब ओरडले म्हणून आम्ही घडलो.

मी तिसऱ्या रांगेत. हातात कागदी प्लेट, त्यात एक कचोरी आणि पेढा. साहेबांनी माईक घेतला आणि बोलण्याआधी घसा खाकरला. बस, एवढंच. माझ्या पोटात गोळा आला. नऊ वर्षं झाली, त्या माणसाचं मी आता काही देणं लागत नाही, तरी तळहाताला घाम फुटला आणि प्लेट थरथरायला लागली. शेजारच्या मॅडमनी विचारलं, बरं नाही का वाटत? मी उठले आणि न जेवता घरी आले. तेव्हापासून डोकं भणभणतंय म्हणून लिहायला बसलेय. लांबलं तर लांबू दे.

डिसेंबर 2016. नोटाबंदीला महिना होत आला होता. तालुक्याच्या गावातली आमची शाखा, सकाळी साडेसातपासून दाराशी रांग. मी कॅश काउंटरला. त्या संध्याकाळी कॅश टॅली होईना, 2000 रुपये शॉर्ट. नवी गुलाबी नोट, एक. मी तीनदा मोजलं, मग नियमाप्रमाणे स्वतःचे 2000 भरले. कॅशिअरच्या आयुष्यात हे घडतंच, कोणी त्याचं रडगाणं गात नाही. पण साहेब केबिनमधून बाहेर आले, माझ्यासमोर उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "पर्स रिकामी करा."

शटर अर्धं ओढलेलं, आत अजून वीस-पंचवीस माणसं. त्यात माझ्या मुलीच्या शाळेतल्या बाई होत्या. मी पर्स काउंटरवर उलटी केली. काय काय पडलं ते मला आजही क्रमाने सांगता येईल. लेकीच्या फीची पावती, चिल्लर, पित्ताच्या गोळ्यांची स्ट्रिप, सॅनिटरी पॅड. मग म्हणाले, "डबा पण उघडा." मी डबा उघडला. त्यात अर्धी पोळी होती, कारण जेवायलाही वेळ मिळाला नव्हता. कोणी काही बोललं नाही. आमच्या शिपाईमामांनी तेवढा पाण्याचा ग्लास आणून शेजारी ठेवला.

दोन दिवसांनी हेड कॅशिअरकडच्या एका गड्डीत 101 नोटा निघाल्या. माझे पैसे मला परत मिळाले. साहेब त्यावर एक शब्द बोलले नाहीत.

हे एकदाच घडलं असतं तर मी विसरलेही असते. पण ते पहिलंही नव्हतं आणि शेवटचंही नव्हतं. रोज सकाळी सगळ्यांसमोर 'या बाईंना पगार कशाचा देतो आपण' हे ऐकायचं. रजेचा अर्ज आठवडाभर टेबलावर पडू द्यायचा आणि आदल्या दिवशी नामंजूर करायचा. मीटिंगमध्ये मी बोलायला लागले की मोबाईल बघायचा. एकेक गोष्ट सांगायला गेलं तर इतकी बारीक वाटते की आपल्यालाच लाज वाटते. तक्रार तरी काय करायची? साहेब खाकरले, ही?

आता शरीराचं सांगते, कारण आज भाषणांत ते कोणी सांगितलं नाही. रोज सकाळी स्टँडवर एसटी लागली की मला उलटी व्हायची. रोज. पाळी तीन तीन महिने यायची नाही. केस विंचरले की फणी भरायची. रात्री डोळा लागायचा आणि तीनला टक्क जाग, मग पहाटेपर्यंत मनातल्या मनात नोटा मोजत पडायचं. अडतिसाव्या वर्षी बीपी 160/100. पोट तर सदा दुखायचं. एंडोस्कोपी केली, सोनोग्राफी केली, सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, घरी काही टेन्शन? नवरा बिचारा माझ्याकडे बघायला लागला.

मग एका बाई डॉक्टरांकडे गेले. फाईल बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "सुट्टीच्या दिवशी दुखतं का?"

मी विचार केला आणि मला रडूच फुटलं. नाही दुखत. रविवारी सकाळी मी पोहे खाते, मला चव लागते. संध्याकाळी पाचच्या सुमारास सुरू होतं.

त्यांनी जे समजावलं ते मला पाठ आहे. समोर वाघ आला की शरीर पळायची तयारी करतं. काळीज धडधडतं, बीपी चढतं, रक्तात साखर सोडली जाते, पचन मागे पडतं. वाघ गेला की सगळं जागेवर येतं. पण वाघ केबिनमध्ये बसलेला असेल आणि तुम्हाला रोज दहाला तिथेच जायचं असेल, तर शरीराला थांबायचं कधी हेच कळत नाही. ते अ‍ॅड्रेनलिन, ते कॉर्टिसॉल सुरूच. मग झोप जाते, पाळी बिघडते, बीपी मुक्कामाला येतं. हे मनाचे खेळ नव्हेत, बायांनो. मशीनवर दिसणारा आकडा आहे तो.

आणि मन? एका संध्याकाळी लेकीच्या हातून दुधाचा पेला सांडला. आठ वर्षांची होती. मी तिला अशी मारली की गालावर बोटं उठली. पर्सच्या प्रसंगानंतरचाच आठवडा होता तो. साहेबांना उलट बोलायची माझी हिंमत नव्हती, ते सगळं तिच्या गालावर निघालं.

2017 च्या जूनमध्ये माझी बदली झाली. दोन महिन्यांत उलट्या थांबल्या, कुठल्याही औषधाशिवाय. बीपीची गोळी मात्र अजून चालू आहे, आज सकाळीही घेतली.

हो, त्या दिवसांत ताण सगळ्यांवरच होता. आणि चूक झाली की वरिष्ठांनी बोलायचंच, शाखा अशीच नाही चालत. मान्य. पण चूक दाखवायला पर्स उलटी करावी लागत नाही. मला शिकवणारे हेड कॅशिअरही कडकच होते. बाजूला नेऊन झापायचे, पुन्हा सगळं मोजून घ्यायचे आणि निघताना 'जेवलीस का' विचारायचे. शिस्त मला त्यांनी लावली. या माणसाने फक्त घाबरवलं.

आणखी एक लिहिते, मघाशी लिहिणार नव्हते. त्या काळात रोज संध्याकाळी साहेबांना वरून फोन यायचा. केबिनच्या काचेतून दिसायचं, ते उभे राहून बोलायचे. फोनवर, एकटे असताना, उभे. ठेवल्यावर पाणी पिताना त्यांचा हात थरथरायचा. 2023 मध्ये कोलकात्यातल्या एका बँक अधिकाऱ्याचा ऑनलाइन मीटिंगमध्ये हाताखालच्यांवर ओरडतानाचा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता, तुम्हीही पाहिला असेल. त्याला निलंबित केलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तेव्हा साहेबांचा तो थरथरणारा हात आठवला. आजही स्टेजवर ते थकलेले दिसले. वाईट वाटलं. खरंच वाटलं.

पण म्हणून माझी पर्स? नाही. वरून आलेलं खाली ढकलायचं की स्वतःपाशी थांबवायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. माझ्या गालावर बोटं उठली नव्हती, माझ्या लेकीच्या उठली होती. तो दोष माझा, मी तो वरच्या कोणावर ढकलत नाही.

मला सगळ्यात जास्त संताप कशाचा येतो सांगू? 'दुर्लक्ष करायचं गं' या सल्ल्याचा. 2024 मध्ये पुण्यात एका बड्या कंपनीत लागलेली 26 वर्षांची सीए मुलगी चार महिन्यांत गेली. कामाच्या ओझ्याने गेली, असं तिच्या आईने पत्र लिहून सांगितलं, तेव्हा देश चार दिवस हळहळला. मग? लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे आणि तो हवाच. पण रोजच्या पाणउताऱ्यासाठी, माणूस आतून मोडेपर्यंत चालणाऱ्या छळासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. फ्रान्समध्ये 2019 साली एका मोठ्या टेलिफोन कंपनीच्या माजी प्रमुखाला याच कारणासाठी कोर्टाने दोषी ठरवलं. तिथे माणसांनी जीव दिले होते आणि कोर्टाने त्याचा संबंध कंपनीच्या वागण्याशी लावला. आपण शाल घालतो.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला रविवारी संध्याकाळी पोटात दुखत असेल तर कृपा करून नुसती अ‍ॅसिडिटीची गोळी घेत बसू नका. कोणाशी तरी बोला. घरात बोलता येत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. काय काय घडतं ते तारखेसकट वहीत लिहून ठेवा. मी ठेवलं नाही, म्हणून बदलीच्या अर्जात माझ्याकडे सांगायला फक्त 'तब्येतीचं कारण' होतं.

आज हॉलच्या दारात शिपाईमामा भेटले. आता चांगलेच वाकलेत. म्हणाले, "निघालात मॅडम? जेवला नाहीत?" मी म्हटलं, भूक नाही मामा. ते हळूच म्हणाले, "मी पण नाही जेवलो."

घरी आल्यावर लेकीला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. पर्स, डबा, 101 वी नोट. सतरा वर्षांची आहे ती आता. ऐकून गप्प बसली. मग म्हणाली, "आई, दुधाचा पेला आठवतो मला. मला कितीतरी दिवस वाटायचं, माझ्यातच काहीतरी वाईट आहे."

मलाही तेव्हा अगदी हेच वाटायचं. हे मी तिला सांगितलं आणि मग आम्ही दोघींनी रात्री नऊला पोहे केले.